पाणी भरलेल्या खड्ड्यात इलेक्ट्रिक कारचा शॉक लागतो?

‘पाणी भरलेल्या खड्ड्यातून इलेक्ट्रिक कार नेली की बॅटरीचा करंट बॉडीत उतरतो’, असा मेसेज दर पावसाळ्यात फिरतो. भीती स्वाभाविक आहे. ओल्या हाताने पंपाचा झटका अनेकांनी खाल्लेला असतो. पण घरातली वीज जमिनीतून परतीची वाट शोधते, तर कारच्या मोठ्या बॅटरीची दोन्ही टोकं बॉडीपासून अलग ठेवलेली असतात, म्हणून तिच्या करंटला जमिनीतून परतीची वाट मिळत नाही. हे अलगपण राखणारं इन्सुलेशन खालावलं की डॅशबोर्डवर इशारा येतो.

बॅटरी पॅकवरचं ‘आयपी ६७’ हे पाणी-धूळ रोखण्याचं मानक म्हणजे १ मीटर स्थिर पाण्यात ३० मिनिटं बुडालं तरी बिघडवण्याइतकं पाणी आत शिरत नाही. तेही पॅकपुरतं, अख्ख्या गाडीसाठी नव्हे! किती पाण्यातून न्यायची, तो आकडा मॅन्युअलमध्ये बघा.

खरी भीती खड्ड्यातल्या दगडाची. पॅकचा खालचा पत्रा चेपून सील सरकलं, तर आत पाणी शिरतं. गाडी खालून जोरात आपटली असेल, तर लिफ्टवर चढवून पोचा तपासून घ्या.