पेपरचे भूत

रंगमंचावर पारदर्शक आकृती प्रकट करून ती क्षणात नाहीशी करण्याची प्रकाशीय युक्ती. लंडनच्या रीजंट स्ट्रीटवरील रॉयल पॉलिटेक्निक इन्स्टिट्यूशनचे रसायनतज्ज्ञ व व्याख्याते जॉन हेन्री पेपर (१८२१–१९००) यांच्या नावाने ती ओळखली जाते. तिचा पहिला गाजलेला प्रयोग २४ डिसेंबर १८६२ रोजी, इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांच्या ‘द हाँटेड मॅन’ या कथेतील प्रसंगावर झाला.

रंगमंचाच्या पुढच्या कडेला प्रेक्षकांकडे कललेली मोठी काच बसवीत. तिच्यापुढे, प्रेक्षकांना न दिसणाऱ्या काळ्या खड्ड्यात भूत झालेला नट असे. साधी काच तिच्यावर पडलेल्या प्रकाशाचा जेमतेम दहावा हिस्सा परावर्तित करते. म्हणून या नटावर तापलेल्या चुन्याचा प्रखर प्रकाश टाकावा लागे आणि रंगमंच मंद ठेवावा लागे. नट काचेपुढे जितक्या अंतरावर, तितक्याच अंतरावर काचेमागे त्याची आभासी प्रतिमा, म्हणजे प्रतिबिंब, प्रेक्षकांना दिसते. प्रतिमा ताठ दिसायची तर भूमितीच्या हिशेबाने नटाने काचेच्या कलाच्या दुप्पट कलायला हवे. त्यामुळे त्याला तिरप्या फळीवर रेलून काम करावे लागे. रंगमंचावरच्या नटाला भूत दिसतच नसे. तलवार कुठे चालवायची हे त्याला आधी ठरवलेल्या जागांवरूनच ओळखावे लागे. दिवा झाकला की भूत गेले.

युक्तीच्या जनकत्वाबद्दल मतभेद आहेत. काचेतील प्रतिबिंबाने खोलीत नसलेली वस्तू दाखवण्याचे वर्णन इटलीच्या जांबात्तिस्ता देल्ला पोर्ता यांनी सोळाव्या शतकातच केले होते. फ्रान्समध्ये प्येर सेगँ यांनी १८५२ च्या सुमारास याच तत्त्वावरचे खेळणे केले. नाट्यप्रयोगाची पूर्ण कल्पना मात्र अभियंते हेन्री डर्क्स यांनी १८५८ मध्ये मांडली. त्यांच्या मांडणीत काच उभी होती व प्रेक्षकांना उंचावर बसवावे लागे. त्यासाठी नाट्यगृहच नव्याने बांधावे लागले असते, म्हणून मालकांनी ती नाकारली. काच कलती करून व नटाला खड्ड्यात उतरवून पेपर यांनी ती कोणत्याही रंगमंचावर बसेल अशी केली. १८६३ मध्ये दोघांनी मिळून पेटंट घेतले. आर्थिक हक्क डर्क्स यांनी सोडले, पण जाहिरातींत आपले नाव मागे पडल्याची जाहीर तक्रार त्यांनी त्याच वर्षी पुस्तक काढून केली. पेपर यांनी आपली बाजू १८९० मध्ये मांडली. तत्त्वाची जुळणी डर्क्स यांची व प्रयोगक्षमता पेपर यांची, हे मत अधिक ग्राह्य वाटते. एकट्या पेपर यांचे नाव रूढ झाले हा डर्क्स यांच्यावरील अन्यायच होय.

पेपर हे भूत विज्ञानाच्या व्याख्यानाचा भाग म्हणून दाखवीत. पॉलिटेक्निकमध्येच टॉमस टोबिन यांच्यासह त्यांनी १८६५ मध्ये ‘प्रोटियस’ हे आरशांचे कपाट सादर केले. त्यात शिरलेला माणूस दार उघडताच दिसेनासा होई. जेम्स वॉकर यांच्यासह १८७९ मध्ये घेतलेल्या पेटंटातील ‘मेटेम्सायकोसिस’मध्ये सरकत्या, क्रमाक्रमाने पारा चढवलेल्या काचेने एक आकृती दुसरीत विरघळे. पुढे ते ऑस्ट्रेलियात गेले. १८८९ मध्ये इंग्लंडला परतले.

वक्त्याला भाषणाचा मजकूर समोरच्या काचेवर दाखवणारा टेलिप्रॉम्प्टर याच तत्त्वावर चालतो. २०१२ मध्ये कॅलिफोर्नियातील कोचेला महोत्सवात दिवंगत रॅप गायक तुपाक शकूर यांची आकृती दाखवताना काचेऐवजी ताणलेला पारदर्शक पडदा वापरला होता. तिला होलोग्राम (लेसर प्रकाशाने नोंदवलेली त्रिमितीय प्रतिमा) म्हणणे शास्त्रीयदृष्ट्या चुकीचे आहे.