वस्ती-कलंक आणि सामाजिक अशांतता

एखाद्या वस्तीचे नाव हाच तेथे राहणाऱ्यांच्या चारित्र्याचा पुरावा मानला जाऊ लागला, की त्या स्थितीला वस्ती-कलंक म्हणतात. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९६३ मध्ये कलंकाचे तीन प्रकार सांगितले : शारीरिक व्यंग, स्वभावदोष आणि वंश, राष्ट्र किंवा धर्म यांमुळे लागणारा सामूहिक डाग. राहण्याच्या जागेचा त्यांत वेगळा विचार नव्हता. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ लोइक वाकाँ यांनी शिकागोचा दक्षिण भाग आणि पॅरिसलगतचे ला कुर्नव्ह यांच्या अभ्यासातून ही उणीव भरून काढली. हा कलंक चेहऱ्यावर दिसत नाही; नोकरीच्या अर्जात पत्ता लिहिला की तो उघडा पडतो, आणि म्हणूनच काही रहिवासी विचारणाऱ्याला शेजारच्या भागाचे नाव सांगून वेळ मारून नेतात.

वाकाँ यांच्या मते बदनामीची झळ वस्तीच्या आतल्या नात्यांनाही लागते. ‘आमची इमारत बरी, बिघडले आहेत ते पलीकडचे’ असे म्हणत रहिवासी बाहेरून आलेला ठपका शेजाऱ्यावर ढकलतात. मात्र हे चित्र सर्वत्र सारखे नसते. आपल्या वस्तीचा अभिमान उघडपणे बाळगणारेही पुष्कळ आढळतात, आणि वाकाँ यांच्या मांडणीवरचा हा आक्षेप रास्त आहे.

अशांतता उसळली की हा ताण सर्वांत तीव्र होतो. २५ ऑक्टोबर २००५ रोजी फ्रान्सचे तत्कालीन गृहमंत्री निकोला सार्कोझी यांनी पॅरिसलगतच्या आर्जांतय येथे तरुणांना उद्देशून ‘राकाय’ (गावगुंड, हलकट) हा शब्द वापरला. दोनच दिवसांनी पॅरिसलगतच्याच क्लिशी-सू-बुआ येथे पोलिसांपासून लपण्यासाठी विद्युत उपकेंद्रात शिरलेले दोन किशोर विजेच्या धक्क्याने मरण पावले. त्यानंतर देशभर सुमारे तीन आठवडे जाळपोळ चालली आणि ८ नोव्हेंबरला आणीबाणी जाहीर झाली. अशा वेळी जळणारी मोटारगाडी बहुधा शेजाऱ्याची असते आणि जाळणारा अनेकदा ओळखीचा. रहिवासी पोलिसांकडून वारंवार होणारी झडती, बेकारी आणि अपमान ही कारणे पुढे करतो तेव्हा तो हिंसेचा समर्थक ठरतो. नुसता निषेध केला, तर वस्तीची बदनामी त्याने मान्य केली असे होते. ‘हे बाहेरून आलेल्यांचे काम’ हे स्पष्टीकरण वारंवार ऐकू येते, त्याचे एक कारण ही कोंडी आहे.

लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात ऑगस्ट १९६५ मधील हिंसाचारात ३४ जण मृत्यू पावले. राज्यपालांनी नेमलेल्या मॅकोन आयोगाने सहभागी झालेल्यांचे प्रमाण लॉस एंजेलिस जिल्ह्यातील (काउंटी) कृष्णवर्णीय लोकसंख्येच्या सुमारे २ टक्के धरले, तर रहिवाशांच्या मुलाखतींवर आधारलेल्या विद्यापीठीय पाहणीत ते १५ टक्क्यांच्या आसपास निघाले. मूठभर समाजकंटकांचे हे कृत्य असल्याचा दावा त्यामुळे डळमळला. तेथील अनेक रहिवाशांनी तर ‘दंगल’ हा शब्दच नाकारला; त्यांच्या बोलण्यात त्या घटनेचे नाव ‘बंड’ असेच राहिले.