एकाच नळाच्या तीन पाणीपट्ट्या

फेब्रुवारीत नगरपरिषदेची अंदाजपत्रकी सभा भरली आणि विषयपत्रिकेवर पाणीपट्टीवाढ आली, की पुढचे बोलणे जवळपास पाठ असते. प्रशासन म्हणते, योजनेचा खर्च वसुलीतून निघत नाही. सदस्य म्हणतात, पाणी चार दिवसांनी येते आणि पट्टी मात्र बारा महिन्यांची, हे कसे? तासाभराने विषय तहकूब होतो. दोघांचेही म्हणणे खरे असते. प्रशासन एका वस्तूची किंमत मागत असते, सदस्य एका सेवेचा हिशेब मागत असतात आणि कायद्यात जे लिहिले आहे ते या दोन्हींहून थोडे निराळे आहे. तिन्हींना शब्द मात्र एकच, पाणीपट्टी. हा गुंता शंभर-सव्वाशे वर्षांचा आहे.

त्याआधीचा काळ इथे थोडक्यात पुरे. कात्रजहून पुण्यात आणलेले पाणी किंवा तेव्हाच्या औरंगाबादेतल्या नहरी ही राजाश्रयाची कामे होती. पाणी हौदावर येई, लोक भरून नेत, घरागणिक आकारणीचा प्रश्नच नव्हता. १८५० च्या कायद्याने गावांना स्वतःची समिती नेमून कर बसवण्याची मुभा दिली. मुंबई इलाख्यात ती बऱ्याच गावांनी घेतली. १८७३ आणि १८८४ च्या कायद्यांनी या समित्यांना आकार दिला. मधल्या काळात, १८८२ च्या ठरावाने, लोकनियुक्त सदस्यांची भाषा सुरू झाली. या नगरपालिकांचा खर्च मुख्यतः झाडलोट, दिवाबत्ती आणि रस्ते यांवर होई, तर पैसा मुख्यतः जकातीतून, म्हणजे गावात येणाऱ्या मालावरच्या करातून येई. पाणी म्हणजे विहीर, आड, नदी. फार तर साथीच्या दिवसांत विहिरीत औषध टाकायचे.

नळ आले आणि प्रश्न उभा राहिला. १९०१ च्या जिल्हा नगरपालिका कायद्याने त्याला उत्तर दिले. ते वाचताना कायदा लिहिणाऱ्याच्या चतुराईचे कौतुकही वाटते आणि रागही येतो. कायद्याने पाणीपट्टी दोन प्रकारची केली, सामान्य आणि विशेष. नगरपालिकेने यांतली कोणतीही एक बसवावी, किंवा दोन्ही. ती इमारती आणि जमिनींच्या मूल्यावर कर म्हणून आकारता येईल, किंवा अन्य कोणत्याही रूपात, अगदी पुरवलेल्या पाण्याचा आकार म्हणूनसुद्धा. आणि एखाद्या वर्गाच्या किंवा एकेका ग्राहकाच्या परिस्थितीला जे सोयीचे पडेल तसे ठरवता येईल. थोडक्यात, कर हवा तर कर, दर हवा तर दर, आणि गरज पडली तर एकाच बिलात दोन्ही.

सामान्य पाणीपट्टीमागचा विचार समजून घेण्यासारखा आहे. गावात जलवाहिनी आली की नळ न घेतलेल्यालाही फायदा होतो. आग लागली तर पाणी मिळते, कोपऱ्यावर सार्वजनिक नळ असतो, रोगराई घटते, घराची किंमत वाढते. म्हणून भार सगळ्या मिळकतींवर. महानगरपालिकांत यालाच पाणीपुरवठा लाभकर म्हणतात आणि तिथे निदान नावातच खुलासा आहे. विशेष पाणीपट्टी मात्र नळधारकाची, तोटीमागे किंवा नळाच्या व्यासाप्रमाणे. अर्धा इंची नळाला इतके, पाऊण इंचीला तितके, घरगुतीला एक, हॉटेलला दुसरे. आपल्या बहुतेक गावांत आजही चालणारा ठोक दर, म्हणजे वापर न मोजता ठरवलेली एकच रक्कम, हा या विशेष पाणीपट्टीचाच वंशज. नळ किती जाड आहे हे त्यात मोजले जाते, त्यातून किती पाणी येते हे मोजले जात नाही.

तिसरी पाणीपट्टी आणखी वेगळीच. धरणातून किंवा कालव्यातून कच्चे पाणी उचलल्याबद्दल नगरपरिषद पाटबंधारे खात्याला जे देते, त्यालाही पाणीपट्टीच म्हणतात, कारण शेतकऱ्याकडून सिंचनापोटी घेतली जाते ती पाणीपट्टी आणि खात्याच्या दप्तरात दोघेही पाणी वापरणारेच. त्यामुळे एखाद्या गावाच्या अंदाजपत्रकात जमेच्या बाजूला पाणीपट्टी दिसते आणि खर्चाच्या बाजूलाही पाणीपट्टी दिसते. ‘पाणीपट्टी थकली’ असा मथळा वाचून नागरिकांनी थकवली की नगरपरिषदेने, हे पहिल्या वाचनात कळेलच असे नाही. २००५ च्या कायद्याने राज्यात जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आले. तेव्हापासून धरणातल्या कच्च्या पाण्याचे घाऊक दर तिथे ठरतात आणि ते मापून, घनमीटरवर लागतात. म्हणजे नगरपरिषदेला पाणी मोजून विकत घ्यावे लागते आणि न मोजता विकावे लागते. हिशेबाची अडचण या एका वाक्यात मावते.

‘पट्टी’ या शब्दाचाही दोष आहेच. मराठी दप्तरात पट्टी म्हणजे वरून बसवलेली, सगळ्यांवर वाटून टाकलेली आकारणी. तिचा मोबदला मागायची प्रथा नव्हती. घरपट्टी भरणारा माणूस घराच्या बदल्यात काय मिळाले असे विचारत नाही. पाणीपट्टी भरणारा मात्र विचारतो, आणि विचारणारच, कारण पाणी डोळ्यांना दिसते आणि न आलेले पाणी तर जास्तच दिसते. कर आणि शुल्क यांतला फरक सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये स्पष्ट केला. कर सार्वजनिक कामासाठी असतो आणि त्याचा थेट मोबदला मागता येत नाही, शुल्काच्या पाठीशी मात्र काही सेवा असावी लागते. पुढे १९८० च्या दशकात न्यायालयानेच हा मोबदल्याचा नियम बराच सैल केला. सेवा आणि रक्कम यांचा काटेकोर ताळेबंद जुळलाच पाहिजे असे नाही, साधारण संबंध पुरे. नगरपरिषदांच्या हे पथ्यावर पडले. ‘पाणी नाही तर पट्टी नाही’ ही घोषणा मोर्चात जोरकस वाटते, पण ज्या आकारणीला कायदा कर मानतो तिच्याविरुद्ध कचेरीत ती लुळी पडते. उलट मीटरचे बिल असते तर तीच घोषणा आपोआप अमलात आली असती, कारण पाणी न आल्यास मीटर फिरत नाही. निदान फिरू नये. एकाआड एक दिवस सुटणाऱ्या पाण्यात आधी हवा येते, आणि ती हवासुद्धा मीटर फिरवते. मीटरला होणाऱ्या विरोधाला ‘फुकट्यांचा विरोध’ म्हणून हिणवणाऱ्यांनी पहाटे पाणी सुटताना एकदा मीटरपाशी उभे राहावे.

राज्य स्थापन झाले तेव्हा नगरपालिकांचे कायदेही तीन तऱ्हांचे होते. पश्चिम महाराष्ट्रात १९०१ आणि १९२५ चे, विदर्भात मध्य प्रांत-वऱ्हाडचा १९२२ चा, मराठवाड्यात हैदराबादचा १९५६ चा. १९६५ च्या अधिनियमाने ते एका छत्राखाली आणले. आजच्या निकषांनुसार एक लाखावर लोकसंख्या असेल तर अ वर्ग, चाळीस हजार ते एक लाख ब वर्ग, त्याखाली क वर्ग. नगराध्यक्ष लोकांचा आणि मुख्याधिकारी सरकारचा, ही जोडी तिथूनच घट्ट झाली. त्याच कायद्याच्या ३०८ व्या कलमाने जिल्हाधिकाऱ्याला नगरपरिषदेच्या ठरावाला स्थगिती देण्याचा अधिकार दिला. ‘३०८ लावली’ हे शब्द ज्याने नगरपरिषदेच्या व्हरांड्यात ऐकले नाहीत, त्याने नगरपरिषद पाहिली नाही. पाण्याचा जुना गुंता मात्र या एकत्रीकरणात सुटला नाही.

तो सुटण्याची निकडही तेव्हा कुणाला नव्हती, कारण जकात होती. नाक्यावर रोजचा रोकडा पैसा यायचा. पाणीपुरवठ्यात खोट आली तर ती जकातीतून भरून निघे आणि पाणीपट्टी वर्षानुवर्षे हलवावी लागत नसे. नाक्यांवरच्या रांगा, चिरीमिरी, व्यापाऱ्यांचा जाच, हे सगळे खरे होते आणि जकात जावी अशी मागणीही रास्त होती. १ ऑक्टोबर १९९९ पासून नगरपरिषदांच्या हद्दीतली जकात बंद झाली. बदल्यात राज्याकडून सहायक अनुदान सुरू झाले.

या निर्णयाबद्दल आजही दोन तट आहेत. एक म्हणतो, गावांची सुटका झाली. दुसरा म्हणतो, गावांचे हात बांधले गेले. माझे माप दुसऱ्या बाजूला थोडे झुकते, हे लपवत नाही. जकात गावातल्या व्यापाराबरोबर वाढायची. अनुदान मंत्रालयाच्या आदेशाबरोबर वाढते, आणि त्यातला मोठा वाटा आस्थापनेवर, म्हणजे पगार आणि निवृत्तिवेतनावर जातो. अनुदान आले की पगार, लांबले की कामबंद आंदोलन. पाण्याची तूट भरायला त्यातून उरते काय? महानगरपालिकांची जकात त्यानंतरही बरीच वर्षे चालली. मग बहुतेक ठिकाणी तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला, २०१५ मध्ये तो बहुतेकांसाठी उठला, आणि १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आल्यावर मुंबईची जकातही संपली. मोठ्या शहरांना जकात सुटण्याआधी पर्याय शोधायला वेळ मिळाला. लहान गावांना तो मिळाला नव्हता.

दुसरीकडे योजना मोठ्या होत होत्या. १९७७ पासून राज्याचे पाणीपुरवठा मंडळ योजना आखू आणि बांधू लागले. पुढे त्याचे प्राधिकरण झाले. जवळची विहीर आणि नदीकाठचे पंपघर मागे पडले. वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या धरणात पाणी उपसण्याची जॅकवेल, तिथून पाणी वर चढवणारी ऊर्ध्ववाहिनी, शुद्धीकरण केंद्र, उंच टाक्या. भांडवल अनुदानाचे आणि कर्जाचे, गावाचा हिस्सा ठरलेला. बांधून झाल्यावर योजना नगरपरिषदेकडे हस्तांतरित होते, आणि तिच्यासोबत पंपांचे वीजबिलही. दुरून पाणी उचलणाऱ्या गावात पाणीपुरवठ्याच्या खर्चातली सर्वांत जड बाब हीच. वीज तोडली की पाणी बंद, आणि शिव्या व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या कर्मचाऱ्याला. मनमाडसारख्या गावात कालव्याचे आवर्तन, म्हणजे पाणी सोडण्याची पाळी, कधी येते यावर वर्षानुवर्षे नळाचे वेळापत्रक ठरत आले. तिथे वाघदर्डीचे धरण आणि पालखेड कालवा यांच्यामध्ये नगरपरिषदेच्या हातात उरे ते वाट पाहणे.

जून १९९३ पासून लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत अठरा विषय दिले, त्यांत पाणीपुरवठाही. विषय आले, त्यासोबत पैसा आला नाही, हे इतक्यांदा सांगून झाले आहे की इथे लांबवत नाही.

२००५ नंतर वारे बदलले. केंद्राच्या आणि राज्याच्या प्रत्येक नव्या अभियानाला अटी चिकटल्या. देखभाल-दुरुस्तीचा खर्च वसुलीतून काढा, जललेखापरीक्षण, म्हणजे किती पाणी सोडले आणि किती पोचले याचा हिशेब, करा, नळधारकांचे सर्वेक्षण करा, मीटर बसवा. कऱ्हाडजवळच्या मलकापुरात चोवीस तास पाणी आणि वापरागणिक चढता दर हा प्रयोग यशस्वी झाला आणि प्रत्येक कार्यशाळेत त्याचा दाखला येऊ लागला. दाखला योग्यच आहे. पण तिथे आधी पाणी चोवीस तास आले आणि त्याच्या जोरावर मीटर टिकले, हा क्रम बाकीच्या गावांना सांगताना गाळला जातो. अनेक ठिकाणी मीटर आधी आले, पाणी नंतर येणार होते. ते मीटर आता भिंतीवरची शोभा आहेत.

पंधराव्या वित्त आयोगाने लहान शहरांच्या अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांना बांधून टाकला आणि मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करण्याची, वसुली वाढवण्याची अट घातली. त्यामुळे घरपट्टी आणि पाणीपट्टी यांची गाठ पुन्हा आवळली गेली. घरपट्टी थकली म्हणून नळ तोडायचा, हा मार्ग मार्चअखेरीस सर्रास वापरला जातो. पैसे येतात, पण पाणीपट्टी हा दर आहे की कर, हा प्रश्न नळ तोडणाऱ्या वसुली पथकाच्या हातून आणखी गढूळ होतो. अंदाजपत्रक शिलकी दाखवावे लागते, मग जमेच्या बाजूला सगळी थकबाकी वसूल होईल असे धरून आकडे बसवले जातात. वर्षअखेरीस लेखापरीक्षणात आक्षेप येतो, आणि पुढच्या वर्षी तेच आकडे थोडे फुगून परत येतात.

त्यातच २०२१ अखेरपासून आरक्षणाच्या न्यायालयीन प्रकरणात निवडणुका अडकल्या आणि मुदत संपलेल्या नगरपरिषदांवर प्रशासक बसले. अंदाजपत्रक मांडणारा आणि मंजूर करणारा एकच, असा तो काळ. ज्या गावांत या वर्षांत दर वाढले, तिथे सभेतला नेहमीचा वाद झालाच नाही. वाद झाला असता तर वाढ टळली असती असे नाही, पण विरोध कुणाचा होता हे इतिवृत्तात नोंदले तरी गेले असते. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या, थेट निवडून आलेले नगराध्यक्ष आणि नवे सदस्य सभागृहात आले. प्रचारात बहुतेकांनी रोज पाणी देण्याचे आश्वासन दिले होते, आणि नव्या मागणी बिलांवर पाणीपट्टीची ओळ जुन्याच जागी, घरपट्टीच्या खाली, छापून आली.