मनाने घेतलेली गोळी

‘मनाने गोळ्या घेऊ नका’ असं डॉक्टर सांगतात, आपण मान डोलावतो आणि पुढच्या तापाला फ्रिजवरचा डबा काढून मागच्या वेळी उरलेलं पाकीट चाचपतो. भारतात असं किती जण करतात याचा एक पक्का आकडा देणं अवघड आहे. एक पाहणी गेल्या महिन्याचं विचारते, दुसरी गेल्या वर्षाचं; कुणी काढा आणि बाम मोजतं, कुणी फक्त अँटिबायोटिक. वेगवेगळ्या राज्यांतल्या पाहण्या एकत्र करून पाहिल्या तर सरासरी निम्म्याच्या आसपास येते. म्हणजे दर दोन माणसांतला एक. एवढ्या मोठ्या संख्येला लोकांचा निष्काळजीपणा म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. ही सवय कशी लागली ते पाहायला हवं, आणि त्यासाठी सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं.

त्याआधी घरात औषध नव्हतं असं नाही. बाळगुटी आठवा. सहाणेवर आईच्या दुधात हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, हिरडा, जायफळ उगाळायचं. तान्ह्याला जायफळाचा एकच वेढा, मुरडशेंगेचे दोन, पोट फुगलं असेल तर वेखंड थोडं जास्त. वेढा, म्हणजे सहाणेवर उगाळताना घेतलेला एक फेरा, हे माप होतं आणि ते सांगणारी बाई त्याच घरात असायची. माप चुकलं तर काय होतं हेही तिला ठाऊक असायचं. सगळं बरोबर असायचं असा माझा दावा नाही, पण औषधाबरोबर त्याचं माप हातात येत होतं.

मुंबईच्या गिरणगावात, कापडगिरण्यांच्या वस्तीत, ते माप सुटलं. कामाला जाणाऱ्या बाया बाळ दिवसभर झोपून राहावं म्हणून त्याला अफूची गोळी द्यायच्या. तिला बाळगोळी म्हणत. 1922 साली मुंबई सरकारने नेमलेल्या एका स्त्री डॉक्टरांनी गिरणीकामगार स्त्रियांची पाहणी केली. त्यांच्या अहवालानुसार 98 टक्के बाळांना अफू दिली जात होती. आया निर्दय होत्या म्हणून हे घडत नव्हतं. दहा तासांची पाळी होती, पाळणाघर नव्हतं आणि गोळी सहज मिळत होती. वेळ नाही, सोय नाही, गोळी मात्र हाताशी आहे, हे त्रिकूट पुढे प्रत्येक टप्प्यावर भेटतं.

स्वतःच्या हिमतीवर गोळी घेण्याची सवय लावण्यात सरकारचाही हात होता. मलेरियाने गावंच्या गावं अंथरुणाला खिळत होती आणि डॉक्टर मैलोन्‌मैल नव्हते. म्हणून 1892 पासून बंगालमध्ये पोस्टात क्विनाइन विकायला सुरुवात झाली. एका पैशाला एक पुडी. पोस्टकार्ड घ्यायला आलेला माणूस तापाची पुडीही घेऊन जायचा. ही पद्धत पुढे इतर प्रांतांतही गेली. त्या काळात तो निर्णय योग्यच होता, त्याने जीव वाचले. पण ताप आला की तपासून घेण्याआधी पुडी घ्यायची, हा धडाही त्यातूनच गिरवला गेला.

क्विनाइनचा खप वाढला तशी भेसळही वाढली. नुसत्या खडूच्या पुड्या विकल्या जात असल्याच्या तक्रारी वाढल्यावर 1930 साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल 1931 मध्ये आला, पण औषधांचा कायदा व्हायला 1940 साल उजाडलं. नियम 1945 चे आणि फार्मसी कायदा 1948 चा. हा क्रम नीट पाहिला तर एक गोष्ट लक्षात येते. कायद्याचा मुख्य रोख भेसळीवर होता. औषध शुद्ध आहे का, हा त्याचा प्रश्न. ते घेणाऱ्याला त्याची गरज आहे का, हा प्रश्न नियमांत आला खरा, पण एका परिशिष्टापुरता. परिशिष्ट (शेड्यूल) एच, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या औषधांची यादी. चिठ्ठीशिवाय कोणती औषधं विकता येतात याची सुटसुटीत यादी मात्र झाली नाही. जे एच किंवा त्याहून कडक नियमांच्या एक्स या याद्यांत नाही ते खुलं, असा अर्थ लावत दुकानं चालली.

जवळ जाणारी एक यादी आहे ती परिशिष्ट के मध्ये. अ‍ॅस्पिरिन, पॅरासिटामॉल, बाम, ग्राइप वॉटर, खोकल्याची औषधं, एरंडेल, टिंक्चर आयोडिन अशी ‘घरगुती औषधं’ परवान्याशिवाय विकायची मुभा तिने दिली. अट अशी की गावाची वस्ती हजारापेक्षा जास्त नसावी आणि तिथे परवानाधारक दुकान नसावं. लहान गावातल्या किराणा दुकानाचा विचार करून केलेली ही सवलत होती. शहरातल्या पानटपरीवर डोकेदुखीची गोळी सुटी मिळते ती या सवलतीत बसत नाही, तरी मिळते. याच यादीत जुलाबावरच्या एका गोळीलाही जागा मिळाली, आयोडोक्लोरोहायड्रॉक्सिक्विनोलिन नावाची. हेच रसायन जपानमध्ये 10 हजारांहून अधिक लोकांच्या मज्जासंस्थेच्या आजाराशी जोडलं गेलं आणि 1970 मध्ये तिथे त्याची विक्री थांबवली गेली. आपल्याकडे तेव्हा पोट बिघडलं की ती गोळी घरोघरी घेतली जायची.

दरम्यान औषध स्वस्त आणि मुबलक झालं. 1954 साली पुण्याजवळ पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि पुढच्या वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. आयात औषधावर अवलंबून असलेल्या देशासाठी ही फार मोठी गोष्ट होती आणि तिचा अभिमान वाटायलाच हवा. 1970 च्या पेटंट कायद्याने औषधाऐवजी ते बनवण्याच्या पद्धतीलाच पेटंट देण्याचं धोरण स्वीकारलं. 1972 मध्ये तो लागू झाला आणि तेच औषध वेगळ्या पद्धतीने बनवणाऱ्या देशी कंपन्या वाढल्या. गोळ्या जगात क्वचितच असतील इतक्या स्वस्त झाल्या.

तपासणी मात्र तितकी स्वस्त झाली नाही. 2013-14 साली देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला 64.2 टक्के खर्च लोक थेट खिशातून करत होते. 2021-22 मध्ये तो 39.4 टक्क्यांवर आला, हेही कमी नाही. रोजंदारीवरच्या माणसाने सरकारी दवाखान्याची रांग धरली तर दिवस बुडतो, खासगीत गेलं तर फी जाते. मेडिकलच्या काउंटरवर दोन मिनिटांत काम होतं. ‘अंग मोडून आलंय, घसा धरलाय’ एवढं सांगितलं की काउंटरमागचा मुलगा तीन पाकिटं काढतो, कात्रीने प्रत्येकातल्या दोन-दोन गोळ्या कापतो आणि कागदी पुडीत घालतो. ‘जेवणानंतर घ्या.’ कापताना पाकिटावरचं नाव किंवा मुदतीची तारीख उरलेल्या तुकड्यावर राहून जाते. आपण काय खाल्लं हे घेणाऱ्यालाही सांगता येत नाही. तिसऱ्या दिवशी त्याच्या अंगावर पुरळ उठलं आणि डॉक्टरांनी ‘काय घेतलं होतं?’ विचारलं, तर उत्तर असतं, ‘एक पांढरी होती, एक गुलाबी.’ दोन दिवसांत गुण आला तर पुढे कोर्स पुरा करायचा असतो हे कुणी सांगितलेलंच नसतं.

2010 च्या सुमारास जवळपास कुठल्याच अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या जंतूंची चर्चा जगभर झाली, त्यात दिल्लीचं नावही जोडलं गेलं. मग सरकार हललं. 1 मार्च 2014 पासून परिशिष्ट एच-1 लागू झालं. त्यात 46 औषधं आली. जोरकस अँटिबायोटिक्स, क्षयाची औषधं, काही झोपेच्या गोळ्या. दुकानदाराने रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची. महाराष्ट्रात त्याच्या आधीच, महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना, चिठ्ठीशिवाय विक्री आणि फार्मासिस्टशिवाय चालणारी दुकानं यांवर कारवाई झाली होती आणि औषधविक्रेत्यांनी त्याविरोधात दुकानं बंद ठेवली होती.

या विषयात मला सगळ्यात जास्त थांबायला लावणारा आकडा गर्भपाताच्या गोळ्यांचा आहे. 2015 साली भारतात सुमारे 1 कोटी 56 लाख गर्भपात झाले आणि त्यातले 73 टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन झाले, असं लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकातल्या 2018 च्या अभ्यासात दिसलं. गर्भपात 1971 पासून कायदेशीर असलेल्या देशात ही स्थिती आहे. यातल्या बहुतेकींनी दुकानदाराच्या किंवा कुणा ओळखीच्या बाईच्या शब्दावर गोळी घेतली असणार. तिला दवाखान्यात जायची लाज वाटते, नवऱ्याची परवानगी मागितली जाते, नोंद होईल याची भीती असते. तिला बेजबाबदार म्हणण्याआधी जवळच्या सरकारी रुग्णालयात ही सेवा मिळते का, ते पाहिलं पाहिजे.

मग कोरोना आला. मार्च 2020 मध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियावरच्या औषधाच्या नावाने दुकानांत झुंबड उडाली आणि 26 मार्चला सरकारला ते औषध एच-1 च्या नियमांखाली आणावं लागलं. दुसऱ्या लाटेत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या चिठ्ठ्यांवरून लोकांनी अझिथ्रोमायसिन, आयव्हरमेक्टिन आणि स्टिरॉइडही घरीच सुरू केलं. स्टिरॉइडने साखर चढते आणि चढलेल्या साखरेवर बुरशी वाढते. म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराचे सर्वाधिक रुग्ण नोंदवणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र होता. कित्येकांचे डोळे, जबडे काढावे लागले. त्यातलं सगळं मनाने घेतलेल्या औषधांमुळे झालं असं नाही, दवाखान्यांतही स्टिरॉइडचा मारा झाला होता.

मे 2022 मध्ये केंद्राने 16 औषधं चिठ्ठीशिवाय विकण्याचा मसुदा काढला. पॅरासिटामॉल, काही मलमं, जखम धुण्याचं औषध असं त्यात होतं, आणि एका वेळी पाच दिवसांपेक्षा जास्त पुरेल इतकं द्यायचं नाही अशी अट होती. केरळने दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. जानेवारी 2024 मध्ये तिथल्या औषध नियंत्रण विभागाने ‘ऑपरेशन अमृत’ सुरू केलं, चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकणाऱ्या दुकानांवर अचानक छापे घातले. अँटिबायोटिक वेगळं ओळखू यावं म्हणून तिथे ते निळ्या पाकिटात द्यायलाही सुरुवात झाली. कापलेल्या पट्टीवर नाव राहिलं नाही तरी आपल्या हातात अँटिबायोटिक आलंय, हे घेणाऱ्याला रंगावरून कळतं.