टोमॅटिलोच्या औषधी चर्चेचा उगम

टोमॅटिलोत कर्करोगाला अटकाव करणारी द्रव्ये सापडल्याची बातमी अधूनमधून फिरते आणि तिच्यामागोमाग ‘प्राचीन मेक्सिकोचे ज्ञान खरे ठरले’ हा सूरही लागतो. प्रत्यक्षात घडले ते वेगळेच.

टोमॅटोचा हा कागदी वेष्टनातला हिरवा नातलग स्पॅनिश लोक येण्याच्या कितीतरी आधीपासून मेक्सिकोत पिकत होता. राजा दुसरा फिलिप याचा वैद्य फ्रान्सिस्को एर्नांदेस 1570 च्या दशकात तिथे वनस्पतींची नोंद करत हिंडला. त्याच्या टिपणांत या फळांचे औषधी उपयोगही आहेत. उत्तरेकडच्या मैदानी प्रदेशात ओमाहा आणि पोंका लोक टोमॅटिलोच्याच फिसॅलिस या प्रजातीतल्या एका रानटी जातीच्या मुळांचा काढा पोटाच्या तक्रारींवर आणि डोकेदुखीवर घेत, जखमेवरही ते मूळ लावत. दुखणी सगळी रोजची. कर्करोगाचा तिथे मागमूस नाही.

तो आला अश्वगंधेच्या वाटेने. 1960 च्या दशकात तिच्या पानांतून विथाफेरिन-ए हे द्रव्य वेगळे काढले गेले आणि गाठींची वाढ रोखण्याचा त्याचा गुण ध्यानात आला. अशा द्रव्यांचा विथॅनोलाइड हा गटच पुढे ओळखला जाऊ लागला. अश्वगंधा आणि टोमॅटिलो एकाच कुळातली, तेव्हा संशोधकांची नजर फिसॅलिसकडे वळली यात नवल नाही. टोमॅटिलोतल्या इक्झोकार्पालॅक्टोन-ए या विथॅनोलाइडने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींची वाढ प्रयोगशाळेत रोखून दाखवली.

सर्वांत जास्त गाजले ते अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचे काम. केली किंडशर यांनी माळरानावरून वनस्पती गोळा करायच्या आणि बार्बरा टिमरमन यांच्या चमूने त्यांतली द्रव्ये तपासायची, अशी विभागणी होती. फिसॅलिस लाँगिफोलिया या जातीत त्यांना 14 नवी द्रव्ये मिळाली. गोंधळाचे मूळ इथेच आहे. या झाडाला ‘रानटी टोमॅटिलो’ म्हटले गेले आणि त्याचे गुण सरसकट साल्सा या मेक्सिकन चटणीत पडणाऱ्या नेहमीच्या टोमॅटिलोच्या खात्यावर जमा झाले. साल्सातले फळ फिसॅलिस फिलाडेल्फिकाचे, म्हणजे जातच निराळी. शिवाय कॅन्ससमध्ये तपासले गेले ते पाने-खोडांसह जमिनीवरच्या भागाचे अर्क आणि त्यांतून शुद्ध केलेली द्रव्ये, तीही पेशींवर आणि उंदरांवर. शिजवलेल्या फळाची वाटीभर साल्सा खाणाऱ्याच्या पोटात यातले काही त्या प्रमाणात जाते, असे या प्रयोगांतून निघत नाही.