जागचा न हलता वळणारा अँटेना

दूरदर्शनच्या काळात घरातला एक जण गच्चीवर चढून अँटेना फिरवायचा आणि खालून दुसरा ‘आलं, आलं, आता थांब’ असे ओरडायचा. ॲल्युमिनियमच्या काड्यांचा तो अँटेना यागी-उदा प्रकारचा. १९२६ साली जपानमधील हिदेत्सुगु यागी आणि शिंतारो उदा यांनी त्याची मांडणी प्रसिद्ध केली. त्याची दिशा बदलायची तर तो हातानेच वळवावा लागे आणि तो कोणत्या लहरी चांगल्या पकडणार, हे तर काड्यांच्या लांबीने कायमचे ठरलेले असे. पुनर्रचनाक्षम अँटेना ही दोन्ही बंधने सैल करतो. धातू जागच्या जागी राहतो. बदलते ती त्यातून विद्युतधारा वाहण्याची वाट.

भारतात मोबाइलसाठी वापरल्या जाणाऱ्या वारंवारतेच्या पट्ट्यांपैकी ७०० मेगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे ४३ सेंटिमीटर, तर ३३०० मेगाहर्ट्‌झची सुमारे ९ सेंटिमीटर. तरंगलांबीच्या चतुर्थांशाइतका अँटेना घ्यायचा म्हटले, तर पहिल्याला पावणेअकरा सेंटिमीटर हवेत आणि दुसऱ्याला जेमतेम सव्वादोन. फोनमध्ये प्रत्येक पट्ट्यासाठी वेगळा अँटेना बसवायला जागा नसते. मग एकाच धातूच्या पट्टीला मध्ये खंड पाडून तिथे पिन डायोड, म्हणजे विजेने चालू-बंद होणारा छोटा स्विच, बसवता येतो. डायोडला सुलट विद्युतदाब दिला की तो जवळजवळ तारेसारखा वागतो, धारा पट्टीच्या टोकापर्यंत पोहोचते आणि अँटेना लांब होतो; उलट दाब दिला की वाट तुटते आणि तोच अँटेना आखूड होतो. व्हॅरॅक्टर डायोड याहून नाजूक काम करतो: उलट दाब वाढवत नेला की त्याची धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, कमी होत जाते आणि अँटेनाची वारंवारता पायऱ्यांनी न चढता सलग सरकते.

दिशा बदलण्याची युक्ती मला अधिक सुंदर वाटते, कारण तिचे मूळ गच्चीवरच्या त्याच अँटेनात आहे. यागी अँटेनात जोडणी एकाच काडीला असते. तिच्याहून किंचित लांब काडी लहरी परत फिरवते आणि किंचित आखूड काडी त्यांना पुढे ओढते. आता मधल्या काडीभोवती इतर काड्यांचे कडे करावे आणि प्रत्येकीच्या तळाशी व्हॅरॅक्टर ठेवावा. दाब बदलताच हवी ती काडी विजेच्या दृष्टीने लांब किंवा आखूड होते आणि लहरींचा झोत गोल फिरू लागतो. अनेक अँटेनांना वेगवेगळ्या कलेने, म्हणजे लहरींचे चढउतार एकमेकांच्या किंचित मागेपुढे ठेवून, सिग्नल पुरवून झोत वळवणारी रचना निराळी; इथे सिग्नलची जोडणी एकच आहे.

पुणे जिल्ह्यातील खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीतही वारंवारता बदलण्यासाठी ४५ मीटर व्यासाच्या तबकडीच्या नाभीपाशी चार बाजूंचा फिरता मनोरा आहे, पण तिथे प्रत्यक्ष मोटर फिरते.

या विद्येची खरी अडचण अँटेनात नसून स्विचमध्ये आहे, असे माझे मत आहे. प्रत्येक डायोड थोडी शक्ती खातो आणि जोरकस सिग्नल थोडा विकृत करतो. त्याहून त्रासदायक म्हणजे डायोडला दाब पोहोचवणाऱ्या तारा स्वतःच लहरी पकडू लागतात. म्हणून काही संशोधकांनी डायोडऐवजी सिलिकॉनचा तुकडा ठेवला आणि ऑप्टिकल फायबरमधून लेसरचा प्रकाश त्यावर सोडला. प्रकाश पडताच सिलिकॉन वाहक होते आणि धातूची तार लागतच नाही. मात्र तो लेसर जळत ठेवण्यासाठी सतत वीज खर्च करावी लागते.