शिशासाठी रिकामी होणारी जागा

केळीच्या सालीने पाणी शुद्ध करण्याची कृती सांगणारा निरोप दर काही महिन्यांनी मोबाइलवर फिरत येतो. त्याला आधार आहे: केळीच्या सालीची पूड नदीच्या पाण्यातील शिसे आणि तांबे धरून ठेवते, असे ब्राझीलमधील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले होते. म्हणून कोणी माठात साल टाकली, तर जंतूंना मात्र आयते खाद्य मिळेल. पाणी उकळूनही शिसे जात नाही. वाफ उडून गेल्यावर उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण उलट वाढते.

शिसे हे मूलद्रव्य असल्यामुळे कोणताही जिवाणू त्याचे विघटन करू शकत नाही. ते फक्त एका जागेवरून दुसरीकडे नेता येते. सांडपाण्यात चुना घालून धातू गाळाच्या रूपाने खाली बसवण्याची पद्धत जुनी आणि स्वस्त आहे, परंतु धातूचे प्रमाण लिटरमागे काही मिलिग्रॅमवर आले की तिची परिणामकारकता घटते. भारतात नदीनाल्यांत सोडायच्या सांडपाण्यात शिशाची मर्यादा लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम आहे. ही शेवटची मजल जैवशोषकांना, म्हणजे केळीच्या सालीसारख्या धातू धरून ठेवणाऱ्या जैविक पदार्थांना, मारता येते.

कोकण-गोव्याच्या खडकाळ किनाऱ्यावर आढळणारे सर्गॅसम हे तपकिरी शैवाल त्यांपैकी एक. त्याच्या पेशीभित्तिकेत अल्जिनेट नावाचा, साखरेपासून बनलेल्या आम्लांच्या कड्यांचा लांब साखळीसारखा रेणू असतो. त्यातील ग्युलुरॉनिक आम्लाच्या कड्या सलग आल्या की साखळी नागमोडी होते, आणि अशा दोन साखळ्या समोरासमोर आल्यावर त्यांच्यामध्ये अंड्यांच्या ट्रेसारखे खळगे तयार होतात. या खळग्यांत ऋणभारित कार्बोक्सिल गट असतात आणि समुद्रात तेथे बहुधा कॅल्शियमचे आयन बसलेले असतात. शिशाच्या आयनावरही तेवढाच धनभार असतो, पण अल्जिनेटची त्याच्याशी जवळीक कितीतरी अधिक. म्हणून शिसे आत येते आणि कॅल्शियम बाहेर पडते. ही निव्वळ अदलाबदल असल्यामुळे शैवाल जिवंत असण्याची गरजच नसते. वाळवून भरडलेल्या शैवालाला ना अन्न लागते, ना विषाची बाधा होते!

पाणी फार आम्लधर्मी असेल, तर त्या जागा हायड्रोजनचे आयन बळकावतात. त्यामुळे शिसे ४ ते ५ सामूला (पीएच) चांगले पकडले जाते आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुतल्यावर सुटते. शैवाल पुन्हा वापरता येते.

एकच पूड सर्व धातू काढते, या जाहिरातबाजीवर मात्र विश्वास ठेवू नये. षट्संयुजी क्रोमियम पाण्यात ऋणभारित क्रोमेटच्या रूपात असते, त्यामुळे हेच कार्बोक्सिल गट त्याला दूर लोटतात. त्यासाठी सामू २ च्या आसपास आणावा लागतो. तेथे जैवपदार्थ इलेक्ट्रॉन देऊन त्याचे त्रिसंयुजी क्रोमियममध्ये क्षपण करतो.

प्रत्यक्ष कारखान्यात अडचणी आणखी आहेत. नळकांड्यात भरलेली कच्ची पूड फुगून तिच्यातून जाणाऱ्या पाण्याचा प्रवाह अडवते, म्हणून तिच्यावर आधी रासायनिक प्रक्रिया करून दाणे बनवावे लागतात. आणि धुऊन निघालेल्या आम्लात आता तेच शिसे दाटलेले असते. ते परत मिळवण्याची सोय नसेल, तर विषारी सांडपाण्याचे केवळ आकारमान कमी झालेले असते.